आयरिश आडनाव रायन, काउंटी (जिल्हा) टिपरेरी: वंशावळ १८६४ च्या मागे कशी न्यायची?

सायली_लिमरिक

नमस्कार मंडळी. मी लिमरिकला असते, माहेर साताऱ्याचं आणि सासर इथलंच आयरिश, आडनाव रायन. सासऱ्यांची पंचाहत्तरी जवळ आलीये आणि नणंदेच्या मनात आहे की त्यांना घराण्याची वंशावळ फ्रेम करून द्यायची. तिने टुरिस्ट लोकांच्या दुकानातून एक रंगीत कागद आणलाय, वर ढाल-बिल आणि खाली सगळ्या रायन लोकांचा मिळून एकच इतिहास, राजघराणं वगैरे. मला ते काही पटेना. सासरे शेतकऱ्याचे पोर, त्यांचे वडील-आजोबा न्यूपोर्टजवळच्या एका छोट्या वाडीत राहिले, त्यांची खरी नावं-गावं लिहून द्यावीत असं मला वाटतं, म्हणून मी म्हटलं मी शोधते.

आत्तापर्यंत जे हाती आहे ते सांगते. सासऱ्यांचे वडील जन्माचे १९१२ चे, त्यांचा दाखला मिळाला. आजोबा (म्हणजे माझ्या नवऱ्याचे पणजोबा) १९०१ च्या जनगणनेत मिळाले, वय ३०, शेती, आणि जन्मस्थान या रकान्यात चक्क 'ईस्ट इंडीज' लिहिलंय!! त्याच घरात त्यांचे वडील जॉन, वय ६६, जन्म टिपरेरी, धंदा 'आर्मी पेन्शनर'. १९११ मध्ये जॉन नाहीत, मधल्या काळात गेले असणार. घरात पूर्वीपासून बोललं जातं की म्हातारा 'पूना'ला होता, सासूबाईंच्या कपाटात एक जुनं मेडल पण आहे. पूना म्हणजे आपलं पुणंच ना? म्हणून इथे विचारतेय, इथले लोक मला नुसतं हो हो करतात.

अडचण अशी की जॉनचा जन्म १८३५ च्या आसपासचा आणि सरकारी जन्मनोंद १८६४ पासून. त्याआधीचं काय करायचं? आणि जॉन रायन हे नाव या भागात इतकं आहे की प्रत्येक गावात ढिगाने मिळतायत, कुठला आपला ते कसं ओळखायचं? कुणी आयर्लंडमधली वंशावळ शोधलीये का?

विनया_डब्लिन

सायली, तुझी सुरुवात चांगली झालीये, आजच्यापासून मागे मागे गेलीस हेच बरोबर. पुष्कळ लोक उलटं करतात, आडनाव धरून बाराव्या शतकातल्या कुठल्यातरी सरदारापासून खाली यायला बघतात आणि मध्ये सहाशे वर्षं कोरी राहतात.

पहिली गोष्ट, इथे आडनावाच्या मागे लागू नकोस, जागेच्या मागे लाग. आपल्याकडे नाशिकला किंवा त्र्यंबकला गेलं की तीर्थोपाध्याय आधी मूळ गाव विचारतात, मग आडनाव, आणि मग ती बरोब्बर चोपडी काढतात, अगदी तसंच इथे आहे, फक्त गावाच्याही खाली उतरावं लागतं. इथे सगळ्यात लहान एकक टाउनलँड. सगळ्या बेटावर साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत, काही तर चार-पाच घरांचे. त्याच्या वर सिव्हिल पॅरिश (सरकारी हद्द), बॅरनी, काउंटी. आणि कॅथलिक चर्चचा पॅरिश वेगळा, त्याची हद्द आणि पुष्कळदा नाव पण सिव्हिल पॅरिशशी जुळत नाही, तेव्हा दोन्ही लिहून ठेव. तुझं नशीब म्हणजे १९०१ च्या पानावर टाउनलँडचं नाव आहेच. नावाच्या स्पेलिंगसाठी लोगेनम ही साईट बघ, एकाच वाडीचं तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं.

रायन हे आडनाव टिपरेरीत सगळ्यात जास्त, त्यातही लिमरिकच्या सीमेवरचा ओनी अँड आरा हा बॅरनीचा पट्टा म्हणजे त्यांचं मूळ ठाणं. न्यूपोर्ट त्यातच येतं. आणखी एक वेगळं रायन घराणं कार्लोकडचं, त्यांचा ह्यांच्याशी काही संबंध नाही. म्हणजे दुकानातल्या कागदावरचा एकच इतिहास तिथेच संपला.

आता नीट ऐक, हे महत्त्वाचं आहे. एका वाडीत इतके रायन असायचे की घराघराला जोडनाव पडलेलं असायचं. कुणी 'बॉन' म्हणजे गोऱ्या केसांचे, कुणी 'रुआ' म्हणजे लालसर केसांचे, कुणाला बापाचं नाव जोडायचं. ही जोडनावं नुसती बोलण्यात नव्हती, ग्रिफिथच्या जमीन मूल्यांकनात सुद्धा रायनच्या पुढे कंसात लिहिलेली सापडतात. सासऱ्यांना विचार की गावात तुमच्या घराला काय म्हणायचे, जोडनाव कळलं तर निम्मं काम झालं.

१८६४ च्या आधीचं इतकं कमी का आहे तेही सांगते, म्हणजे नसलेल्या गोष्टी शोधण्यात वेळ जाणार नाही. १९२२ च्या ३० जूनला यादवीत इथल्या फोर कोर्ट्स इमारतीतलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस स्फोटात आणि आगीत गेलं, १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या तिथे जळाल्या. १८६१ आणि १८७१ च्या तर सरकारनेच आकडे काढून झाल्यावर नष्ट केल्या होत्या, आणि १८८१-१८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागद हवा म्हणून लगदा केल्या. म्हणून पूर्ण अशा जुन्या जनगणना दोनच, १९०१ आणि १९११, दोन्ही नॅशनल आर्काइव्ह्जच्या साईटवर फुकट. त्यानंतरची १९२६ ची, ती शंभर वर्षांच्या नियमाने २०२६ पर्यंत बंद ठेवलेली.

दोन्ही जनगणनांची फक्त माणसांची पानं बघून सोडू नकोस. त्याच टाउनलँडचं घरांचं पान उघड, त्यात भिंती कशाच्या, छप्पर गवताचं की पाटीच्या दगडाचं, पुढच्या बाजूला खिडक्या किती, खोल्या किती, सगळं आहे, आणि दुसऱ्या पानावर गोठा, डुकरांचा खुराडा, कोठार. फ्रेममध्ये लावायला ढालीपेक्षा हे कितीतरी छान! आणि मुख्य म्हणजे त्या वाडीतली सगळी घरं एकाच यादीत दिसतात. शेजारी कोण होतं ते लिहून काढ.

मेरी_वसई

सायली, मी वसईची, आमच्याकडे चर्चची जुनी रजिस्टरं वाचायची सवय असल्याने त्या बाजूचं सांगते. आयर्लंडच्या कॅथलिक चर्चची रजिस्टरं साधारण १८८० पर्यंतची डब्लिनच्या नॅशनल लायब्ररीने मायक्रोफिल्मवरून स्कॅन करून २०१५ च्या जुलैत फुकट ऑनलाइन टाकली. न्यूपोर्ट हे कॅशेल आणि एमली आर्चडायोसिसमध्ये (आर्चबिशपच्या हद्दीत) येतं, तिथली पुस्तकं पूर्वी आर्चबिशपच्या लेखी परवानगीशिवाय बघायला मिळत नसत, आता घरबसल्या बघ.

पण ती फक्त चित्रं आहेत, तिथे नाव टाइप करून सर्च होत नाही. पानं स्वतः उलटायची. नावनिशी याद्या दुसऱ्या साईट्सवर आहेत पण त्या बनवताना वाचायच्या चुका झाल्यात, तेव्हा यादीत नाही म्हणजे रजिस्टरात नाही असं समजू नकोस. अक्षर वाईट, शाई उडालेली, ओलीने पानं डागाळलेली, हे असणारच. बऱ्याच ठिकाणी लॅटिनमध्ये नोंदी असतात, जोआनेस म्हणजे जॉन, जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम. मुलींची नावं पण अशीच, ऑनोरा ही घरात नोरा असायची. जेरेमाया नावाचा माणूस दुसऱ्या कागदावर डार्बी म्हणून येतो आणि माणूस तोच!

बाप्तिस्म्याच्या एका ओळीत काय असतं बघ: तारीख, मुलाचं नाव, बापाचं नाव, आईचं माहेरच्या आडनावासकट नाव, आणि दोन साक्षी म्हणजे गॉडफादर-गॉडमदर. पुष्कळदा टाउनलँड पण. आईचं माहेरचं आडनाव हे सोनं आहे, जॉन रायन ढिगाने असतील पण बाप अमुक आणि आई तमुक घराण्यातली, असे दोन जॉन रायन एका वाडीत क्वचितच. आणि साक्षीदार कधीही सोडू नकोस, ते बहुतेक मामा, आत्या, काका, नाहीतर शेजारचे असतात. आमच्याकडे सुद्धा गॉडपेरेंट्सच्या नावांवरूनच नाती जुळवतात.

आणखी एक, आयर्लंडमध्ये मुलांची नावं ठेवायची एक रीत होती: पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या, दुसरी बापाच्या आईच्या. सगळे पाळायचेच असं नाही, पण जॉनच्या सगळ्यात मोठ्या मुलाचं नाव काय होतं ते बघ, तेच कदाचित जॉनच्या बापाचं असेल.

१८६४ नंतरच्या सरकारी नोंदींबद्दल पण एक सांगून ठेवते, बाप्तिस्मा आधीचा आणि जन्मतारीख नंतरची असं दिसलं तर घाबरू नकोस. उशिरा नोंद केली की दंड असायचा म्हणून लोक तारीख पुढे ढकलून सांगायचे, अशा वेळी चर्चचीच तारीख खरी धरायची.

नाना_खडकी

सायलीताई, पूना म्हणजे पुणंच. आणि जनगणनेतलं ईस्ट इंडीज म्हणजे त्या काळी बहुतेक वेळा हिंदुस्थान, म्हणजे तुमच्या नवऱ्याचे पणजोबा पलटणीच्या छावणीत कुठेतरी जन्मले असणार. आर्मी पेन्शनर आणि १८७१ च्या सुमाराचा मुलगा हिंदुस्थानात, याचा अर्थ जॉनने बरीच वर्षं नोकरी केली आणि बायको-पोरांसह राहिला.

पहिलं काम म्हणजे ते मेडल हातात घ्या आणि कडेवर बघा. दर्शनी बाजूला सगळ्यांची सारखी असतात, पण जाडीच्या कडेवर शिपायाचं नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंगातून बघा, पॉलिश करू नका, पॉलिश करून करून अक्षरं झिजतात. रिबिनीवर आडवी पट्टी असेल तर तिच्यावर काय लिहिलंय तेही कळवा. मग पुढचं सांगतो.

तोवर थोडी पार्श्वभूमी. कंपनी सरकारच्या गोऱ्या पलटणींमध्ये आयरिश पोरं फार मोठ्या संख्येने होती. तुमचा जॉन १८३५ चा म्हणजे बटाट्याचा दुष्काळ पडला तेव्हा दहा वर्षांचा. १८४५ ते १८५२ मध्ये तिथे सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यातून जगलेल्या पोराला शेतात वाटा नाही, गावात काम नाही, मग दोन वेळचं जेवण आणि पगार देणारी पलटण, हा सरळ हिशेब होता.

पुण्यात येणं झालं तर एम्प्रेस गार्डनजवळचं सेंट पॅट्रिक चर्च बघून या. ते १८५० सालचं, इथल्या आयरिश कॅथलिक शिपायांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं. सेंट पॅट्रिक हे नाव पुण्यात कुठून आलं ते त्यावरून कळतं.

सायली_लिमरिक

नाना, विनया, मेरीताई, सगळ्यांचे खूप आभार, मी इतक्या उत्तरांची अपेक्षाच केली नव्हती. रविवारी सासूबाईंकडे जाऊन आले. मेडलच्या कडेवर जॉन रायन आणि पुढे 'थर्ड बॉम्बे युरोपियन रेजिमेंट' असं आहे, शेवटची अक्षरं झिजलीत पण बॉम्बे अगदी स्पष्ट वाचता येतंय. वरच्या पट्टीवर 'सेंट्रल इंडिया'.

आणि विनया, जोडनाव मिळालं! सासऱ्यांना विचारलं तर ते लगेच म्हणाले आम्ही 'बॉन'. आजोबांना पोस्टमन सुद्धा त्याच नावाने हाक मारायचा म्हणे. इतकी वर्षं मी या घरात आहे, कुणी बोललं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. शेजारच्या घराबद्दल पण विचारलं. १९०१ मध्ये शेजारी ऑनोरा नावाची बाई आहे, सासरचं आडनाव वेगळं, विधवा, वय ५८. सासरे म्हणतात त्या घराशी आपलं नातं होतं, बहुतेक जॉनची बहीण. पण १९११ ला हीच बाई ७४ वर्षांची लिहिलीये. दहा वर्षांत सोळा वर्षं कशी वाढली?? मग ही तीच बाई की दुसरी?

विनया_डब्लिन

सायली तीच बाई! आणि हे वाढलेलं वयच तुला पुढे नेणार आहे.

१९०८ साली म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, १९०९ च्या जानेवारीपासून सत्तर वर्षांच्या पुढच्यांना पैसे मिळायला लागले. १९०१ ला वय अंदाजाने सांगितलेलं चालायचं, आता सत्तर पूर्ण झाल्याचं दाखवायला लागलं, त्यामुळे अख्ख्या देशात म्हाताऱ्या माणसांची वयं त्या दहा वर्षांत उड्या मारताना दिसतात. पण १८३७-३८ ला जन्मलेल्या बाईकडे जन्मदाखला कुठून असणार? मग पेन्शनवाले काय करायचे, डब्लिनला अर्ज पाठवायचे की १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत हिचं कुटुंब शोधून वय कळवा. तेव्हा त्या जनगणना अजून जळाल्या नव्हत्या ना. कारकून मूळ कागद काढून उतारा त्या फॉर्मवर लिहायचा. मूळ जनगणना १९२२ ला गेली, पण हे शोध-फॉर्म राहिले, आणि नॅशनल आर्काइव्ह्जने ते स्कॅन करून फुकट ठेवलेत, 'सेन्सस सर्च फॉर्म्स' नावाने.

फॉर्मवर अर्जदाराचं नाव, आई-बापांची नावं आईच्या माहेरच्या आडनावासकट, आणि १८४१ किंवा १८५१ ला ते कुठल्या टाउनलँडमध्ये राहत होते ते असतं. कुटुंब सापडलं असेल तर कारकून कधीकधी आई-बापाच्या लग्नाचं साल आणि भावंडांची वयं पण उतरवून ठेवतो. जॉन १९०९ च्या आधी गेला असेल तर त्याचा फॉर्म मिळणार नाही, पण ऑनोराने पेन्शनसाठी अर्ज केला असेल तर तिच्या कागदावर जॉनचं बालपण आहे. म्हणून मी नेहमी सांगते, सरळ रेषेतल्या बापजाद्यांपुरतं बघू नका, बहिणी, आत्या, न लग्न झालेले काका सगळे बघा. फॉर्म शोधताना सासरचं आणि माहेरचं दोन्ही आडनावं टाक.

तिथून मग ग्रिफिथचं मूल्यांकन. रिचर्ड ग्रिफिथने १८४७ ते १८६४ मध्ये सबंध देशातली घरं आणि जमिनी मोजून छापल्या. टाउनलँड टाकलास की कोण खंडकरी, जमीनमालक कोण, एकर-रूड-पर्च किती, सगळं येतं आणि नकाशावर प्लॉटचा नंबर पण. तुला हवा तो रायन, कंसात बॉन. त्याच नंबरवरून पुढे डब्लिनमधल्या कॅन्सल्ड बुक्स म्हणून वह्या आहेत त्यात जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते बघता येतं, प्रत्येक बदल वेगळ्या रंगाच्या शाईत खोडून लिहिलेला आणि बाजूला साल. घर ज्या पिढीत बापाकडून मुलाकडे गेलं तिथे शाईचा रंग बदललेला दिसतो आणि बहुतेक वेळा तो मृत्यूच्या आसपासचा असतो, मग त्या सालाभोवती मृत्यूनोंद शोधायची.

ग्रिफिथच्या मागे जायचं तर टाइद अप्लॉटमेंट वह्या, १८२३ ते १८३७ च्या, चर्चच्या करासाठी केलेल्या. तिथे बहुतेक फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, पण टाउनलँडनिहाय असल्यामुळे जॉनचा बाप किंवा आजोबा मिळू शकतो.

नाना_खडकी

ताई, मेडलवर बॉम्बे लिहिलेलं आहे हे फार बरं झालं, कारण थर्ड युरोपियन नावाची पलटण मद्रासची पण होती आणि तिलाही सेंट्रल इंडियाची पट्टी मिळालेली आहे.

तर ही पलटण कंपनीने १८५३ साली उभी केली. १८६२ ला ती राणीच्या सैन्यात १०९ वी रेजिमेंट झाली, आणि १८८१ ला लीन्स्टर रेजिमेंटची दुसरी बटालियन. त्या लीन्स्टर रेजिमेंटचा डेपो तुमच्याच बाजूला, बर्र गावात. म्हणजे नाव मुंबईचं आणि शेवट आयर्लंडमध्ये. मुंबईच्या पहिल्या युरोपियन पलटणीचंही तसंच, ती पुढे रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्समध्ये गेली.

आता ते सेंट्रल इंडिया. हे सरळ सांगतो कारण वंशावळ लिहिणाऱ्याने हे माहीत असून लिहावं. थर्ड बॉम्बे युरोपियन सर ह्यू रोजच्या फौजेत होती आणि ३ एप्रिल १८५८ ला झाशीच्या तटाला शिड्या लावून चढलेल्या तुकड्यांत होती. समोर राणी लक्ष्मीबाई आणि तिची माणसं. तुमचा जॉन त्या दिवशी नेमका कुठे होता ते या पट्टीवरून कळत नाही, त्यासाठी मेडलची यादी आणि मस्टर (पलटणीची हजेरीपत्रकं) बघायला लागतील, पण पलटण तिथे होती यात शंका नाही. झाशी पडल्यावर शहरात जी कत्तल आणि लूट झाली ती आपल्याकडे विष्णुभट गोडसे यांनी डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलीये, वरसईचे भटजी, त्यांचा 'माझा प्रवास' तुम्ही नक्की वाचा आणि नवऱ्यालाही त्यातलं सांगा. दुष्काळातून वाचलेला टिपरेरीचा पोरगा आणि झाशीची माणसं, दोन्हीकडचं आपल्याला कळलं पाहिजे.

कागदपत्रांचं बोलायचं तर तीन ठिकाणं. एक, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स, त्यात मुंबईच्या सैन्याची मस्टर-रजिस्टरं एल/मिल/१२ या मालिकेत, शिपायाचं नाव, कुठल्या जहाजाने आला, मूळ ठिकाण, आधीचा धंदा असं मिळतं. दोन, पेन्शनवर सुटला असेल तर लंडनमधल्या क्यूच्या ब्रिटिश नॅशनल आर्काइव्ह्जमधले डब्ल्यूओ ९७ या मालिकेतले सुटकेचे कागद. त्यावर छापील वाक्यच असतं की अमुक पॅरिशमध्ये, तमुक गावाजवळ, तमक्या काउंटीत जन्मला, वय इतकं, धंदा मजूर, शिवाय उंची, केसांचा रंग, जखमा. ते फाइंडमायपास्ट या साईटवर आहेत, पैसे पडतात पण एक महिन्याचं घेऊन सगळं उतरवून घ्या. तीन, पणजोबांचा बाप्तिस्मा. मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदी एन/३, मद्रासच्या एन/२, बंगालच्या एन/१. पलटण फिरायची, त्यामुळे एन/३ मध्ये नाही मिळाला तर एन/१ पण बघा. आमच्या विदर्भातल्या मित्रांसाठी सांगतो, कामठीला फौज मद्रासची असायची म्हणून तिथल्या नोंदी एन/२ मध्ये सापडतात, लोक मुंबईत शोधत बसतात. कॅथलिक नोंदी या मालिकांत अपुऱ्या आहेत हेही लक्षात असू द्या. फिबिस म्हणून ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांवर काम करणारी संस्था आहे, त्यांचा सर्च फुकट आहे, सुरुवात तिथून करा.

प्रसाद_कॉर्क

डीएनए टेस्ट का नाही करत? एवढा कागदांचा खटाटोप कशाला, थुंकी पाठवायची आणि झालं, रायन घराण्याचे सगळे नातेवाईक लाईनीत समोर येतात.

विनया_डब्लिन

प्रसाद, टेस्ट जरूर करावी पण कागदांच्या जोडीने. टेस्टमध्ये नातेवाईक दिसतात, नातं कुठून आलं ते कागदच सांगतात. न्यूपोर्टच्या पट्ट्यातली माणसं पिढ्यानपिढ्या आपापसात लग्नं करत आलीत, त्यामुळे दोन माणसांचा थोडा डीएनए जुळला तर तो चार वाटांनी आलेला असू शकतो. सायली, करायची तर सासऱ्यांची कर, नवऱ्याची नंतर, कारण सासरे एक पिढी जॉनच्या जवळ आहेत. ऑनोराच्या पणतवंडांपैकी कुणी अमेरिकेत टेस्ट केली असेल तर ते सासऱ्यांना तिसऱ्या फळीतले भावंड, तिथवर जुळणी बहुतेक वेळा दिसते. आणि थेट बापाकडून मुलाकडे जाणारी वाय टेस्ट सासऱ्यांची केली तर बॉन रायन आणि बाकीचे रायन वेगळे की एक ते बघता येईल, पण ते दुसऱ्या बॉन घरातल्या पुरुषाने टेस्ट केली तरच. सासऱ्यांना आधी नीट विचार हं, काहींना हे नको वाटतं आणि त्यांचा तो हक्क आहे.

नणंदेच्या ढालीचं राहिलं. इथे ढाल आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळते आणि त्याच्या वंशजांना. ते काम डब्लिनला चीफ हेराल्डच्या ऑफिसात होतं, आता ते नॅशनल लायब्ररीचाच भाग आहे. म्हणून रायन आडनाव आहे एवढ्यावर ती ढाल घराण्याची होत नाही. जुन्या सरदार घराण्यांच्या वंशावळी राखणारी पिढीजात घराणी इथे होती, मॅक फिर्विशी हे त्यातलं मोठं नाव, त्यांच्यातल्या ड्युअल्टाखने १६४९-५० मध्ये गॉलवेला बसून वंशावळींचा प्रचंड ग्रंथ लिहून काढला. पण त्यात सरदारांच्या शाखा आहेत, न्यूपोर्टजवळच्या खंडकऱ्याचं घर त्याला जोडायला मधले दुवे लागतात आणि ते कागद नाहीत. १८२० पर्यंत नेलंस तरी इथल्या शेतकरी घराण्यासाठी ते उत्तम काम आहे, नणंदेला हे स्पष्ट सांग.

सायली_लिमरिक

विनया, ऑनोराचा फॉर्म मिळाला!!! माहेरच्या रायन आडनावावर होता, सासरच्या नावाने काहीच येत नव्हतं. १८४१ चा उतारा आहे. वडील मायकेल, आईचं माहेरचं आडनाव पण आहे, टाउनलँड तोच जो १९०१ ला आहे, आणि भावंडांत जॉन, वय ६. मेरीताई, जॉनच्या सगळ्यात मोठ्या मुलाचं नाव मायकेलच निघालं, तुम्ही सांगितलेली रीत इथे बरोब्बर लागू पडली. आता ग्रिफिथमध्ये त्या टाउनलँडला मायकेल रायन दोन आहेत, एकाच्या पुढे कंसात बॉन, एकाच्या पुढे काही नाही.

सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवलं तर खूप वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले आईचं आडनाव परत सांग. ते आडनाव अजून त्या रस्त्यावर आहे म्हणे, ते लोक आपले कुणी लागतात हे त्यांना माहीत नव्हतं.

नाना, झाशीचं मी नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला हे पण लिहायचं, फ्रेममध्ये जॉनच्या नावाखाली पलटण आणि साल दोन्ही घालायचं. 'माझा प्रवास' माझ्या बाबांकडे साताऱ्याला आहे, मागवते. सुटकेचे कागद आता शोधणार, त्यावर पॅरिश तोच निघाला तर हाच आपला जॉन हे पक्कं होईल ना?

नाना_खडकी

पॅरिश, वय आणि पलटण, तिन्ही जुळली तर पक्कं. सिव्हिल पॅरिशचं नाव बघा, चर्चच्या पॅरिशचं नव्हे, सैन्याचे कागद बहुतेक सिव्हिल पॅरिश लिहितात. आणि वयाला धरून बसू नका, भरतीच्या वेळी पोरं वय वाढवून सांगायची, दोन वर्षं इकडेतिकडे झाली तरी चालेल. जॉनचा पलटणीतला नंबर मिळाला की इथे टाका, त्यावरून मस्टर कसं मागवायचं ते मी लिहून देतो.

मेरी_वसई

सायली, आईचं माहेर कळलंय तर आता बाप्तिस्म्याची पानं उलट, १८३३ ते १८३७. मायकेल आणि त्या आडनावाची जोडी मिळाली की साक्षीदारांची नावं पण उतरवून घे, रस्त्यावरच्या त्या घराशी नातं कसं ते बहुतेक तिथेच लिहिलेलं सापडेल. अक्षर लागत नसेल तर पानाचा फोटो टाक, मी वाचून देते.